पिलू कोणावर गेलं? : कुक्कुटवर्णाची अल्पशी मीमांसा

प्रकरण पहिले : विषयाची थोरवी

मराठी घरात बाळ जन्मले की पहिला अर्धा तास बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याची चौकशी होते आणि पुढची पंचवीस वर्षे ते कोणावर गेले याची. नाक आजोबांचे, रंग मावशीचा, हट्ट आत्याचा (हा निर्णय आईच्या माहेरचे देतात), हुशारी मामाची (हाही तेच देतात). या वादाला पुरावा लागत नाही, आवाज लागतो. त्याच घराच्या परसात त्याच सुमारास खुडूक कोंबडीखालून पिले निघालेली असतात. काही काळी, काही तांबडी, दोन-तीन कबरी, आणि एखादे कोणाशीच न जुळणारे राखी. त्यांच्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. कोंबडी आधी की अंडे आधी, या प्रश्नावर विचारवंतांनी स्वतःचे आणि श्रोत्यांचे आयुष्य खर्ची घातले. त्या अंड्यातून निघणारी कोंबडी कोणत्या रंगाची, हे विचारायला कोणाला सवड झाली नाही.

ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत प्रबंधाचा हेतू आहे. आमचा सिद्धांत असा : ‘कोणावर गेलं’ हे शास्त्र माणसांत कुचकामी ठरले ते खोटे होते म्हणून नव्हे, तर चुकीच्या प्राण्याला लावले गेले म्हणून. कोंबडीला लावून पाहावे. उत्तरे बिनचूक येतात. काही वेळा तर कोणाला नको असतील इतकी.

प्रकरण दुसरे : पूर्वाचार्य आणि त्यांचे तुरे

या शास्त्राचे आद्य आचार्य ग्रेगोर मेंडेल. ते मठात राहत, वाटाणे लावीत आणि मोजीत. त्यांचा निबंध 1866 मध्ये छापून आला आणि पुढची 34 वर्षे त्याकडे जवळपास कोणी ढुंकून पाहिले नाही. 1900 साली तो एकदम तिघांच्या ध्यानात आला. (दिवाळी अंकांत लिहिणाऱ्यांनी यातून धीर घ्यावा.) वाटाण्याचे नियम प्राण्यांना चालतात का, हा प्रश्न मग साहजिकच उभा राहिला. केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये त्याचे उत्तर दिले, आणि ते देताना बोट ठेवले कोंबडीच्या तुऱ्यावर. पुढे 1905 मध्ये ‘जेनेटिक्स’ हे नावही त्यांनीच सुचवले. आज ज्या शास्त्राच्या नावाने मोठमोठ्या प्रयोगशाळा उभ्या आहेत त्याचे बारसे कोंबड्यांच्या कलकलाटात झाले, असे म्हणायला आमची तरी हरकत नाही.

तुऱ्याचे प्रकरण मुळातून पाहण्यासारखे आहे. आपल्या गावरान कोंबड्याच्या डोक्यावर बहुधा उभा, दातेरी, एकेरी तुरा असतो. वायंडॉट नावाच्या अमेरिकी जातीचा तुरा बसका, खरबरीत आणि मागे टोक काढलेला असतो; त्याला गुलाब तुरा म्हणतात. झुंजीच्या असील कोंबड्याचा तुरा बुटका, तीन ओळींचा; तो वाटाणा तुरा. म्हणजे मेंडेलच्या मळ्यातला वाटाणा एका पिढीत कोंबड्याच्या डोक्यावर जाऊन बसला. शास्त्रात अशी पदोन्नती क्वचितच पाहायला मिळते.

आता शुद्ध गुलाबाचे शुद्ध वाटाण्याशी लग्न लावावे. सगळी पिले तिसऱ्याच तुऱ्याची निघतात. गोळा झालेला, सुरकुतलेला हा तुरा अक्रोड या नावाने ओळखला जातो. कोणावर गेले? आईवर नाही, बापावर नाही. माणसांत असे झाले असते तर घरात कुजबुज सुरू होऊन ती शेवटी शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत पोचली असती. बेटसन आणि त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पनेट यांनी कुजबुज न करता ही अक्रोडी भावंडे आपसांत जुळवली आणि पुढची पिढी मोजली. सोळांत नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा, आणि एक साधा, दातेरी, एकेरी. हा शेवटचा ना आईबापावर गेलेला, ना आजीआजोबांवर. गुलाबाची जनुके दोन्ही नाहीत, वाटाण्याची दोन्ही नाहीत, म्हणून उरला तो साधा तुरा. तात्पर्य, आपल्या गावरान कोंबड्याचा तो झोकदार तांबडा तुरा म्हणजे वेगळे काही न मिळाल्याचा पुरावा आहे. त्याला हे सांगण्याची आमची छाती नाही.

येथे एक शंका. सोळा पिले निघाली आणि एकही साध्या तुऱ्याचे नाही, तर शास्त्र बुडाले का? बुडत नाही. सोळांत एक हा सरासरीचा हिशेब. सोळाच्या एका घाण्यात तसे एकही न निघण्याची शक्यता तिनांत एकापेक्षा थोडी अधिकच असते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आणखी अंडी बसवावीत.

हे हिशेब सोपे व्हावेत म्हणून पनेट यांनी चौकट आखली. वर बापाची जनुके, डाव्या हाताला आईची, आणि मधल्या घरांत संतती. आपल्या कुंडलीत घरे बारा, पनेटच्या साध्या चौकटीत चारच. तरी तिचे भाकीत खरे ठरते आणि दक्षिणा लागत नाही. तिचा प्रसार का झाला नाही, हे यावरून ध्यानात यावे.

जाता जाता आणखी एक. गुलाब तुऱ्याची दोन्ही जनुके लाभलेल्या कोंबड्यांचे वीर्य कमजोर असते, असे संशोधनात आढळले आहे. त्यामुळे शुद्ध गुलाबवाले मागे पडतात, एक गुलाब आणि एक साधे जनुक असलेले पुढे जातात, आणि वायंडॉटवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करूनही एकेरी तुऱ्याचे पिलू मधूनच डोके वर काढते. कुलशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या घराण्यांत असे का होते, याचे अन्य प्राण्यांतले स्पष्टीकरण आम्ही शोधत बसलो नाही.

प्रकरण तिसरे : रंगपेटीत रंग दोनच

कोंबड्यांच्या रंगांची यादी करू लागलो तर हा अंक पुरणार नाही. तरी पिसांच्या पेटीत रंगद्रव्ये दोनच : एक काळे आणि एक तांबूस-सोनेरी. बाकी सगळी करामत ते कुठे लावायचे, किती लावायचे, कुठे मध्येच थांबायचे आणि कुठे मुळीच लावायचे नाही, याची. अंगावर काळा आणि मानेवर सोनेरी, पिसाच्या मध्यभागी तांबडा आणि कडेला काळा, एक पट्टा काळा आणि एक पांढरा. पांढरा हा रंग नव्हेच. तो रंगाऱ्याचा संप आहे.

निळी कोंबडी घ्या. अँडालुशियन नावाच्या जातीत जिला निळी म्हणतात ती आपल्या डोळ्यांना सरळ राखी दिसते. काळ्या द्रव्यात पाणी घालणारे एक जनुक आहे. त्याची एक मात्रा मिळाली की काळ्याचा निळा होतो, दोन मिळाल्या की मळकट पांढऱ्यावर काळे शिंतोडे. निळ्याला निळी दिली तर चारांत एक काळे, दोन निळी, एक शिंतोड्यांचे. म्हणजे ज्या घराण्याला केवळ निळीच संतती हवी त्याने निळ्यांतच सोयरीक करून भागत नाही. त्याने काळ्या कोंबड्याला शिंतोड्यांची वधू करावी. मग झाडून सगळी पिले निळी. आपल्यापेक्षा उणी समजलेली दोन स्थळे एकत्र आल्याशिवाय हे कुलीन घराणे उभेच राहत नाही. सोयरिकी जुळवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

पांढऱ्याचे गूढ याहून खोल. अंड्यांच्या पोल्ट्रीत दिसते ती व्हाइट लेगहॉर्न पांढरी, आणि व्हाइट वायंडॉटही पांढरी. दोघींचा पांढरेपणा मात्र एकमेकींना ओळखत नाही. लेगहॉर्नकडे एक प्रभावी जनुक असते, ते काळे द्रव्य दडपते. खाली काळा असो, पट्टे असोत, सगळे झाकलेले. हे झाकण काळ्यावर घट्ट बसते, तांबड्यावर मात्र सैल. म्हणून लेगहॉर्नचा तांबड्याशी संकर झाला की पांढऱ्या पिलांच्या अंगावर तांबूस झाक डोकावते. वायंडॉटचे पांढरेपण अप्रभावी जातीचे. तिथे झाकपाक काही नाही, रंगद्रव्य तयार करण्याचे यंत्रच बंद. या दोघांचे लग्न लावले की पहिली पिढी पांढरी. सगळे खूश. ती आपसांत जुळवली की दुसऱ्या पिढीत सोळांत तेरा पांढरी आणि तीन रंगीत. आजोबा पांढरे, आजी पांढरी, आई पांढरी, बाप पांढरा, आणि नातवंड काळे! अशा प्रसंगी खुराड्याच्या कडीकोयंड्यावर आणि पलीकडच्या आळीतल्या कोंबड्यावर संशय घेणे अशास्त्रीय आहे. ‘गोरी, सुस्वरूप’ अशी जाहिरात देणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू की पांढरेपण दिसले म्हणजे त्याच्या खाली काय आहे ते कळले, असे होत नाही.

याला बाजाराचीही एक बाजू आहे. बॉयलर कोंबडी पांढरी का? सोलल्यावर काळ्या पिसांची खुंटे कातडीत राहिली तर गिऱ्हाईक नाक मुरडते. पांढऱ्यांची दिसत नाहीत. तेच गिऱ्हाईक गावरान मागायला आले की मात्र पांढरी पाहून तोंड फिरवते, त्याला रंगीत हवी. म्हणून परसातल्या पालनासाठी काढलेल्या वनराजा (हैदराबाद) आणि गिरिराजा (बंगळूर) या सुधारित जाती मुद्दाम रंगीत ठेवल्या गेल्या. त्यात घारीच्या नजरेतून थोडे सुटण्याचाही फायदा आहेच. परंतु रंगीत पिसे पाहून गावरानचा भाव मोजणाऱ्याने ध्यानात ठेवावे की पिसांचा रंग ठरवणारे जनुक रश्श्याच्या चवीला जबाबदार नाही. चव वयावर, हिंडण्याफिरण्यावर आणि बऱ्याच अंशी वाटणावर अवलंबून असते. तांबड्या पिसांची, पिंजऱ्यात बसून वाढलेली कोंबडी गावरानच्या भावाने घरी आणून ‘काय चव आहे!’ म्हणणारे रसिक आम्ही जवळून पाहिले आहेत.

प्रकरण चौथे : ‘मातृमुखी सदा सुखी’ या वचनाची परीक्षा

आता या प्रबंधाचा गाभा. मुलगा आईवर गेला की भाग्याचा आणि मुलगी बापावर गेली की भाग्याची, असे आपल्याकडे आजीच्या पिढीपासून चालत आले आहे. माणसांत याला आधार सापडत नाही. कोंबड्यांत मात्र हे इतके तंतोतंत खरे आहे की आपल्या आज्यांनी सिद्धांत खुराड्यात मांडला आणि तो चुकून माजघरात आला, असा आमचा तर्क आहे.

कारण असे. माणसांत मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. दोष मात्र शतकानुशतके सुनेच्या माथी मारला गेला. कोंबड्यांत उलटे. कोंबड्याकडे झेड नावाची दोन गुणसूत्रे, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. तिच्याकडून झेड आले की कोंबडा, डब्ल्यू आले की तलंग. सगळा निर्णय आईचा. तेव्हा वंशाचा दिवा न लागल्याबद्दल सुनेला टोमणे मारणाऱ्या सासूचे ज्ञान चूक नव्हते. तिने ते फक्त योग्य सुनेला ऐकवायला हवे होते. ती सून खुराड्यात होती आणि तिला ऐकू येत असूनही तिने लक्ष दिले नसते.

यातून पुढे काय होते पाहा. काही रंगांची जनुके या झेड गुणसूत्रावरच बसलेली असतात. तलंगेला झेड एकच मिळते, तेही बापाकडून. कोंबड्याला दोन, एक आईचे आणि एक बापाचे. अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेली प्लिमथ रॉक कोंबडी घ्या आणि तिच्यावर बिनपट्ट्याचा काळा कोंबडा सोडा. पट्ट्याचे जनुक प्रभावी आणि झेडवर. मुलगे आईचे झेड घेतात, म्हणून पट्टेरी. मुली बापाचे झेड घेतात, म्हणून काळ्या. पट्टे पिसे आल्यावर दिसतात, पण अंड्यातून निघतानाच पट्टेरी पिलाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. कोण मुलगा, कोण मुलगी, हे पहिल्याच दिवशी लांबून कळते. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि रुपेरी लाइट ससेक्स कोंबडी घेतली तरी हाच खेळ : मुलगे आईसारखे फिकट, मुली बापासारख्या तांबूस. वर आणि वधू अदलाबदल करा, रुपेरी कोंबडा आणि तांबडी कोंबडी घ्या, की खेळ बिघडतो. सगळीच पिले रुपेरी. स्थळ कोणते यापेक्षा वरपक्ष कोणता, याला इतके महत्त्व देणारा दुसरा समाज आम्हांला ठाऊक आहे, पण तो इथे विषय नाही.

मातृमुखी मुलगे आणि पितृमुखी मुली, हे इतके शिस्तीत सिद्ध झाले. आता वचनाचा उत्तरार्ध, ‘सदा सुखी’. अंड्यांच्या धंद्यात कोंबडा अंडे देत नाही आणि बॉयलरसारखा अंगही धरत नाही. म्हणून त्याचा हिशेब पहिल्याच दिवशी मिटवतात. डोक्यावर आईचा ठिपका घेऊन आलेला तो मातृमुखी पुत्र उबवणी केंद्राच्या पट्ट्यावर बोटाने बाजूला सारला जातो, आणि बापाच्या तोंडवळ्याची काळी बहीण खोक्यात बसून पोल्ट्रीला रवाना होते. ठिपका नसता तर त्याची निवड एवढी झटपट झाली नसती. पिलांची लिंगे ओळखणारे जपानी पद्धतीत शिकलेले तज्ज्ञ लागले असते आणि त्यांना पगार द्यावा लागला असता. वचनाचा पूर्वार्ध त्रिवार सत्य, उत्तरार्ध पहिल्या दिवशीच निकालात.

पनेट यांनी केंब्रिजमध्ये याच पट्ट्याच्या जनुकातून आणखी एक युक्ती काढली. पट्टेरी जनुक रानकोंबडीच्या तपकिरी पट्ट्यांच्या पिलात घातले, तर दोन मात्रा मिळालेला मुलगा एक मात्रा मिळालेल्या मुलीपेक्षा फिकट दिसतो. मग संकर करत बसायला नको. जातीतल्या जातीत लग्न लावले तरी मुलगा-मुलगी ओळखू येतात. यातली पहिली जात कॅम्बार आणि मग लेगबार. लेगबारच्या एका शाखेची अंडी निळी असतात आणि डोक्यावर शेंडी असते. या दोन्ही गोष्टी चिलीहून आणलेल्या कोंबड्यांकडून आल्या.

प्रकरण पाचवे : स्वभावाचा अनुवंश

खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून पाहावा. हे प्रकरण तिथेच पुरे होते.

प्रकरण सहावे : उलटी पिसे, उघडी मान, काळे मांस

पिसे उलटी वळलेली कोंबडी भगत-मांत्रिकांच्या यादीत मानाने असते. उतारा असो की करणी, साधी कोंबडी चालत नाही. अशा कोंबड्यांना अधूनमधून भाव चढतो, आणि मालक आपल्या उलट्या कोंबडीला उलटाच कोंबडा शोधत गावभर हिंडतो. हा मार्ग चुकीचा. पिसे उलटवणारे जनुकही अर्धवट प्रभावी आहे. उलट्याला उलटी दिली की चारांत दोन उलटी, एक सरळ, आणि एक असे की ज्याची पिसे इतकी वळतात की ती मोडून गळतात आणि ते जवळजवळ उघडे पडते. अशा पिलाला भगतही हात लावणार नाही. उलट्याला सरळ पिसांची कोंबडी द्यावी. निम्मी उलटी, निम्मी सरळ, उघडे एकही नाही. अंधश्रद्धेचा पुरवठा वैज्ञानिक पायावर कसा करावा, याचे हे उदाहरण आम्ही कोणत्याही शिफारशीविना नोंदवत आहोत.

उघड्या मानेच्या कोंबडीला लोक आजारी समजतात. तिचे जनुक मानेवरची पिसे काढून टाकते आणि अंगावरची विरळ करते; एका मात्रेने साधारण 20 ते 30 टक्के पिसे कमी. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका उरला असेल तर ओळखावे की मात्रा एक; तोही नसेल तर दोन. उन्हाळ्यात हे सोयीचे. म्हणून बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या दोन्ही उपेक्षितांना हाताशी धरून जाती काढल्या : उलट्या पिसांपासून ‘उपकारी’, उघड्या मानेपासून ‘हितकारी’. कडकनाथपासून ‘श्यामा’ आणि असीलपासून ‘निर्भीक’. सरकारी नामकरणात इतका जिव्हाळा एरवी योजनांनासुद्धा मिळत नाही.

कडकनाथ हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय. झाबुआच्या या कोंबड्याच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडे या कोंबड्याला कालीमासी म्हणतात. पिसे काळी, कातडी काळी, मांस काळे, हाडांवरचे पातळ आवरणसुद्धा काळे. अंडे मात्र काळे नाही, फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचे. काळ्याभोर अंड्यांचे फोटो फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हे कितीही वेळा सांगितले तरी ते पुढच्या रविवारी पुन्हा पाठवतात.

कडकनाथ कोंबडी आणून तिला आपला पिवळ्या पायांचा गावरान कोंबडा दिला, आता काळी पिले निघणार, म्हणून वाट पाहत बसलेल्यांसाठी एक जुना प्रयोग सांगतो. हाच काळेपणा चिनी सिल्की जातीत आहे. सिल्की अंगावर पांढरी आणि आत काळी. बेटसन आणि पनेट यांनी ती तपकिरी लेगहॉर्नशी जुळवली. कोंबडी सिल्कीची आणि कोंबडा लेगहॉर्नचा, तर सगळी पिले आतून फिकट. कोंबडा सिल्कीचा आणि कोंबडी लेगहॉर्नची, तर मुली काळ्या, मुलगे फिकट. काळे करणारे जनुक प्रभावी आहे खरे, पण त्याला आवर घालणारे दुसरे जनुक झेडवर बसलेले असते आणि ते लेगहॉर्नकडे असते. पिवळे किंवा पांढरे पाय ही त्या आवर घालणाऱ्याची पाटी. तेव्हा काळेपण हवे तर कडकनाथ वर म्हणून आणावा, आणि त्याच्या मुलींवरच भिस्त ठेवावी.

प्रकरण सातवे : पायांची अस्मिता

सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा, हे मत डार्विनने ठामपणे मांडले. त्याने स्वतः काळ्या स्पॅनिश कोंबड्याला पांढरी सिल्की दिली होती. काळा आणि पांढरी, पण त्यांच्या संततीतला एक कोंबडा थेट रानकोंबड्याच्या तांबड्या-सोनेरी पिसाऱ्यात निघाला. कोणावर गेले? हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजावर. इतक्या मागची पिढी काढणारे मामा आमच्याही नात्यात नाहीत.

डार्विनचे म्हणणे बरोबर होते, पण पाय वगळून. लाल रानकोंबड्याचे पाय पिवळे नसतात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेले नाही, ते राखी रानकोंबड्याकडून आले. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला. पहाटे घाटात गाडी थांबवली तर झाडीतून त्याचा तुटक, वेगळा आवाज येतो तो. म्हणजे जगभरच्या पोल्ट्र्यांत आज जी कोट्यवधी पिवळ्या पायांची बॉयलर कोंबडी आहेत, त्यांच्या पायांत सह्याद्री आहे. हे वाचताच स्वामित्वधनाची मागणी करण्याची इच्छा अनावर होते. परंतु हा पक्षी गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत दख्खनभर हिंडतो. कर्नाटकानेही दावा केला तर आणखी एक सीमावाद उभा राहील, तेव्हा आम्ही तूर्त गप्प आहोत.

पिवळे जनुक अप्रभावी, त्यामुळे दोन्हीकडून यावे लागते. आणि एवढ्याने भागत नाही. पिवळेपणा येतो मका आणि हिरव्या चाऱ्यातून. जनुक परवाना देते, माल चाऱ्यातून. अंडी घालू लागली की कोंबडी हाच पिवळा बलकात ओतते आणि तिचे पाय आणि चोच हळूहळू फिकट पडतात.

साताऱ्याकडच्या एका आठवडी बाजारात हे शास्त्र कसे चालते ते आम्ही पाहिले. डालग्यातून एक आजी तांबडी कोंबडी काढते, उलटी धरते, पायांवरून अंगठा फिरवते, मागची पिसे फुंकून पाहते.

“अंडी घालते का, आजी?”

“पाय बगा की, दादा. पांढरं पडल्यात. अंड्यावरच हाय ती.”

“आणि पिलं कुठल्या कोंबड्याची व्हतील?”

“आवं, कोंबडी माजी, अंडं माजं. कोंबडा समद्या वाडीचा. त्येचं काय इचारता?”

या एका वाक्यात गावरान अनुवंशशास्त्राची सगळी अडचण आली. कोंबडी एकदा मिळालेले वीर्य पोटात साठवून ठेवते आणि दोन आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, त्यातून अंडी फळवते. काल आणलेला काळा कोंबडा आज खुराड्यात असला म्हणून पुढल्या आठवड्याची पिले त्याची, असे मानणे धाडसाचे. जातिवंत पिले हवी असणारे जुना कोंबडा काढून दोन-तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाकतात आणि मग बसवतात. पोल्ट्रीच्या इतिहासात या आम्लेटांचे श्रेय कोणी दिलेले नाही.

प्रकरण आठवे : रुबाबाचे मूळ

कोंबड्याच्या मानेवरची टोकदार चकचकीत पिसे, कमानदार शेपटी, ही मर्दानगीची खूण मानतात. प्रत्यक्षात कोंबड्याला खच्ची केले तरी ती पिसे तशीच राहतात. तुरा तेवढा आक्रसतो. उलट कोंबडीचे अंडाशय निकामी झाले की तिच्या अंगावर पुढच्या खेपेला कोंबड्याचा पिसारा येतो. म्हणजे पिसारा ही मूळची स्थिती आणि साधी गोल पिसे हे स्त्री-संप्रेरकाचे कर्तृत्व. कोंबडीचे फक्त डावे अंडाशय काम करते. ते बिघडले की उजवीकडचे अर्धवट अवयव डोके वर काढतात, तिचा तुरा मोठा होतो, आणि एखाद्या पहाटे ती आरवते. गावात त्याला अपशकून म्हणतात आणि तिची रवानगी चुलीवर होते. युरोपनेही यात आघाडी घेतली होती : 1474 मध्ये बाझेल शहरात एका कोंबड्यावर अंडे घातल्याचा आरोप ठेवून रीतसर खटला चालला आणि त्याला जाळले. तो कोंबडा नव्हताच, पिसारा चढलेली कोंबडी होती, असा बचाव मांडायला तेव्हा कोणी उभे राहिले नाही.

परिशिष्ट : प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी पंचांग

तुऱ्याचे 9:3:3:1 घरच्या घरी पाहायचे तर दोन पिढ्या लागतात, आणि मराठी घरात दुसरी पिढी पाहायला पहिली जिवंत उरणे हीच मुख्य अडचण आहे. म्हणून आरंभ गटारी उलटल्यावर करावा. श्रावणात अंडी बसवावीत. 21 दिवसांत पिले निघतात. गणपती, पितृपक्ष, नवरात्र हे सगळे पिलांच्या वाढीचे दिवस सुदैवाने घरात सोवळ्याचे असतात. दसऱ्याला मात्र खुराड्याला कुलूप लावावे. मार्गशीर्षाचे गुरुवार चार दिवस तरी देतात. उरलेले दिवस आपल्याच जबाबदारीवर. संक्रांतीनंतरची कर आणि शिमग्याची धुळवड या दोन खिंडी सर्वांत घातक; त्या दिवशी पिले ओळखीच्या शाकाहारी घरी ठेवावीत. फाल्गुन-चैत्रात तलंगा अंड्यावर येतात, चैत्रात दुसरी पिढी बसवावी, वैशाखात ती निघते. तुरा पहिल्याच दिवशी भिंगाने पाहता येतो, तेव्हा मोजणी त्याच आठवड्यात उरकून घ्यावी, कारण पुढची जत्रा जवळ असते आणि तिला जावई येतात.

प्रयोगवहीत तुरा, पिसाचा रंग, पायांचा रंग आणि पालकांची खूण एवढे चारच रकाने ठेवावेत. पाचवा ‘शेरा’ हा रकाना ठेवू नये. त्यात ‘रस्सा पातळ झाला’, ‘मांड्या दोघांना पुरल्या नाहीत’ असल्या नोंदी होतात आणि गुणोत्तर बसत नाही.